संचालक मंडळात ठेवीदार कुठे बसतो?

बँक अडचणीत आली की लोक दोन प्रश्न विचारतात. संचालक काय करत होते, हा पहिला. आणि ही माणसं तिथे बसली कशी, हा दुसरा. महाराष्ट्रात हे प्रश्न घराघरांत विचारले गेले आहेत. देशातल्या नागरी सहकारी बँकांत सर्वांत मोठा वाटा आपल्या राज्याचा, आणि पैसे अडकलेलं एखादं तरी कुटुंब जवळपास प्रत्येकाच्या ओळखीचं.

खालचा वाद एका काका-पुतणीचा आहे. काका सहकार खात्यात लेखापरीक्षक होते; निवृत्तीनंतर एका लहान नागरी बँकेवर तज्ज्ञ संचालक म्हणून गेले. पुतणी पुण्यात वित्तशास्त्र शिकवते. संकटात कोणत्या बँका तरल्या आणि त्यांच्या मंडळांवर कोण होतं, हा तिचा अभ्यासविषय. दोघंही तळमळीने बोलतात आणि दोघांचं पटत नाही. मला स्वतःला काय वाटतं, ते मध्ये एका ठिकाणी लिहिलं आहे.

काका : माझं म्हणणं फार अवघड नाही. ज्याला ताळेबंद वाचता येत नाही, त्याने बँकेच्या मंडळावर बसू नये. नोकरीभर मी बँकांची इतिवृत्तं वाचली. कर्जाचा विषय आला की पुढे ‘सर्वानुमते मंजूर’. सूचक आणि अनुमोदक यांची नावं तेवढी बदलायची. एका बँकेत तर, नाव घेत नाही, बैठक दुपारी चारला आणि इतिवृत्त सकाळीच टाइप होऊन सह्यांसाठी तयार. तारण काय, परतफेड कुठून होणार, हे विचारायचं असतं हेसुद्धा ठाऊक नसलेली माणसं कोट्यवधींच्या कर्जाला हात वर करत होती. चांगल्या काळात अशी बँक चालून जाते, कारण चांगल्या काळात सगळ्यांच्याच बँका चालतात. एक मोठा कर्जदार थकला की मग कळतं.

पुतणी : तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे, काका. पण जाणकार बसवले की बँक वाचते, हा जो निष्कर्ष तुम्ही काढता, त्याला २००७-०८ च्या संकटाने मोठा तडा दिला.

काका : तडा कसला? लेहमन ब्रदर्सचंच घे. १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळं निघालं. मंडळावर कोण होतं? ब्रॉडवेवर नाटकं काढणारे निर्माते रॉजर बर्लिंड. अमेरिकी नौदलातून रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झालेल्या मार्शा इव्हान्स. डीना मेरिल ही चित्रपट अभिनेत्री २००६ पर्यंत संचालक होती. आणि वित्त-जोखीम समिती वर्षातून दोनदा बसायची. एवढ्या अवाढव्य संस्थेची जोखीम वर्षातून दोनदा!

पुतणी : आणि त्या समितीचे अध्यक्ष कोण होते? हेन्री कॉफमन. सॉलोमन ब्रदर्सचे एके काळचे मुख्य अर्थतज्ज्ञ. व्याजदराबद्दल ते बोलले की रोखे बाजार हलायचा, आणि त्यांच्या काळजीच्या सुरामुळे त्यांना ‘डॉक्टर डूम’ म्हणायचे. याहून जाणकार माणूस तुम्ही कुठून आणला असता? नाटकवाल्यांवर खापर फोडणं सोपं आहे. कॉफमन असूनही लेहमन बुडाली, याचं उत्तर तुमच्या सिद्धान्तात नाही.

काका : एका माणसाने काय होतं? बरं, नॉर्दर्न रॉक घे. अध्यक्ष मॅट रिडली, प्राणिशास्त्रातले डॉक्टर आणि विज्ञानलेखक. वडील त्याच संस्थेचे अध्यक्ष होते, पुढे मुलगा. सप्टेंबर २००७ मध्ये शाखांबाहेर रांगा लागल्या. १८६६ नंतर ब्रिटनने बँकेवरची अशी धाव पाहिली नव्हती.

पुतणी : त्याच मंडळावर सर डेरेक वॉनलेस होते. नॅटवेस्टसारख्या बँकेचे माजी मुख्य कार्यकारी, आणि जोखीम समितीची धुरा त्यांच्याकडेच होती. संसदेच्या समितीने जानेवारी २००८ मध्ये अहवाल दिला, त्यात दोष सगळ्या संचालकांवर ठेवला. बँकेचा धंदा ठेवींवर कमी आणि घाऊक बाजारातून उचललेल्या पैशांवर जास्त चालत होता. तो बाजार एकाच वेळी सगळीकडे आटेल, हे प्राणिशास्त्रज्ञाला दिसलं नाही तसं बँकरलाही दिसलं नाही. अमेरिकी बँकांवर मिंटन, टायार आणि विल्यमसन यांचा अभ्यास आहे. ज्या बँकांच्या स्वतंत्र संचालकांत वित्तक्षेत्रातले जाणकार जास्त, त्या बँकांनी संकटाआधी जास्त जोखीम घेतली आणि संकटात जास्त मार खाल्ला.

काका : असं कसं होईल? ज्याला कळतं तो जास्त सावध असायला हवा.

पुतणी : ज्याला कळतं, त्याला गुंतागुंतीच्या रोख्यांची भीती कमी वाटते. तो त्यातला नफा बघतो. आणि त्याला मंडळावर पाठवणाऱ्या भागधारकालाही नफाच हवा असतो. अज्ञानी संचालक प्रश्न विचारत नाही, हे तुमचं दुःख. जाणकार संचालक प्रश्न विचारतो, पण तो ‘आणखी का नाही?’ असा असू शकतो.

काका : तूच मला वाचायला दिलेल्या कागदांत स्पेनचं होतं. तिथल्या बचत बँका, त्यांना ‘काहा’ म्हणतात. ज्यांच्या अध्यक्षाला बँकेचा अनुभव होता, पुढचं शिक्षण होतं, त्यांची कर्जं कमी बुडाली. राजकारणातून आलेल्या, बँकेत कधी न बसलेल्या अध्यक्षांनी बांधकाम व्यवसायाला पैसे वाटले. ते तू का सांगत नाहीस?

पुतणी : सांगते की. कुन्यात आणि गारिकानो यांचा तो अभ्यास तुमच्याच बाजूने आहे. मी एवढंच म्हणते की जाण ही सगळीकडे एकाच दिशेने काम करत नाही. साधी कर्जं देणाऱ्या बचत बँकेत ती वाचवते, वॉल स्ट्रीटवर ती धाडस वाढवते. म्हणून ‘तज्ज्ञ संचालक’ हा शब्द कायद्यात लिहिला की काम झालं, असं मानू नका.

काका : कायद्यात लिहिलंय आणि ते योग्यच आहे. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकांनाही तो नियम आला. निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के संचालकांना लेखा, बँकिंग, कायदा, शेती, सहकार अशा विषयांतलं ज्ञान किंवा अनुभव हवा.

पुतणी : आता म्हसवडचं बघा. माण तालुक्यातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली. चेतना सिन्हा त्यांच्या पुढे होत्या. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला कोणत्याही मुदलावर व्याज काढायला सांगा आणि तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. तुमच्या फूटपट्टीने त्या आत आल्या असत्या का?

काका : आल्या असत्या. व्याज तोंडी काढणं ही बँकेची जाणच आहे, मी पदवी मागत नाही. पण एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली. त्या बायका बँक काढायला गेल्या त्या बचत ठेवायला जागा नव्हती म्हणून. दिवसाचे दहा-वीस रुपये कोणतीच बँक घेत नव्हती. त्या आधी ठेवीदार होत्या, मग संचालक झाल्या. आपल्या बहुतेक नागरी बँकांत उलटं असतं.

पुतणी : म्हणजे?

काका : म्हणजे सभासद कोण होतो ते बघ. नागरी बँकेतून कर्ज घ्यायचं तर साधारणपणे भाग घ्यावे लागतात. तारणी कर्जाच्या अडीच टक्के, विनातारण असेल तर पाच टक्के. भाग घेतला की सभासद, सभासद झाला की मत. ठेवीदाराला भाग घ्यायची सक्ती नाही, म्हणून मतही नाही. त्यामुळे निवडणुकीत पॅनेलं उभी राहतात ती कर्जदारांच्या मतांवर. पैसा ठेवीदाराचा आणि संचालक निवडतो कर्जदार. यात कोणी वाईट माणूस असायची गरजच नाही. ‘त्याची थकबाकी जरा सांभाळून घ्या, अडचणीत आहे’ असं सांगणारा मतदार रोज दारात उभा असतो.

पुतणी : हे मला मान्य आहे. आणि म्हणूनच मी म्हणते की माणूस कोण यापेक्षा त्याचे हितसंबंध कुठे, हे महत्त्वाचं. आता माझ्या क्षेत्रातला सगळ्यांत गाजलेला निष्कर्ष सांगते. अर्कन्स, हंग आणि मातोस यांनी ३० देशांतल्या २९६ वित्तसंस्था तपासल्या. संकटाच्या काळात ज्यांच्या मंडळावर स्वतंत्र संचालक जास्त, त्यांच्या शेअरचे भाव जास्त कोसळले. बेल्ट्राटी आणि स्टुल्झ यांनी जगभरच्या मोठ्या बँका घेतल्या. तिथेही भागधारकांच्या हिताला जास्त बांधलेली मंडळं असलेल्या बँकांची गत वाईट. ज्या सुधारणांसाठी आम्ही अध्यापक मंडळींनी वर्षानुवर्षं आग्रह धरला, त्याच उलट्या दिसल्या.

काका : उलट्या का दिसल्या, तेही सांग.

पुतणी : दोन कारणं दिली जातात. एक म्हणजे भागधारकाला जोखीम आवडते. नफा झाला तर सगळा त्याचा, बुडालं तर त्याचं नुकसान शेअरच्या किमतीइतकंच, बाकीचं इतरांच्या डोक्यावर. मंडळ त्याच्याशी जितकं प्रामाणिक, तितकी बँक धाडसी. दुसरं कारण असं की स्वतंत्र संचालकांनी संकट आल्यावर घाईने नवं भागभांडवल उभारायला लावलं. पडत्या भावात नवे शेअर काढले की जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. त्यामुळे भागधारकांचं नुकसान झालं.

काका : थांब, पोरी. पडझडीच्या काळात बँकेत भांडवल आलं आणि तू तिला वाईट कामगिरी म्हणतेस?

पुतणी : शेअर बाजाराच्या मोजमापाने वाईटच.

काका : आणि ठेवीदाराच्या? बँकेत भांडवल जास्त म्हणजे तोटा आधी भागधारकाच्या अंगावर जाणार, ठेवीदाराची पाळी नंतर. तुझ्या त्या स्वतंत्र संचालकांनी भागधारकाला दुखवून ठेवीदाराला वाचवलं. मी त्याला उत्तम कामगिरी म्हणेन. तू माझ्याविरुद्ध आणलेला पुरावा माझाच झाला.

पुतणी : लेखकांनीही हे सांगितलंय, की संपत्ती भागधारकांकडून बँकेच्या धनकोंकडे सरकली. तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. पण मग आपण दोघांनी ठरवायला हवं, संकटात बँकेने काय केलं म्हणजे ती चांगली वागली? शेअर टिकला, की ठेव टिकली?

इथे मला बोलायचं आहे. या एका प्रश्नावर सगळं फिरतं असं मला मनापासून वाटतं. बँकांच्या मंडळांवरचा बराचसा अभ्यास शेअरच्या भावावर बेतलेला आहे. कारण भाव रोज मिळतो आणि ठेवीदाराचं दुःख कोणत्याही तक्त्यात नोंदलं जात नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. ती मर्यादा पुढे वाढत गेली, पण पहिल्या दिवशी लोकांनी ऐकलेला आकडा हाच. मुंबईतल्या कितीतरी गृहनिर्माण संस्थांचा दुरुस्ती निधी तिथे होता, पतसंस्थांच्या ठेवी होत्या, निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त, म्हणजे सुमारे ६,५०० कोटी रुपये, एकाच बांधकाम समूहाकडे गेले होते. ते लपवायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती उभी केलेली होती. बँकेचे अध्यक्ष पूर्वी वर्षानुवर्षं त्याच समूहातल्या कंपनीच्या मंडळावर होते. यात ज्ञान कमी पडलं असं मला म्हणवत नाही. ज्याचे पैसे होते, त्याच्या बाजूने विचारणारा एकही माणूस त्या टेबलाशी नव्हता, आणि संकटकाळातल्या बँकेचं मोजमाप त्याच्यापासूनच सुरू व्हायला हवं. २००३ पासून नागरी बँकांना संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. तो नियम माधवपुरा बँकेच्या २००१ मधल्या पतनानंतर आला. पण संचालकाने स्वतः कर्ज न घेता मोठ्या कर्जदाराचं मिंधं असणं, हे त्या बंदीत सापडत नाही.

काका : अगदी. आणि म्हणून मी म्हणतो, मंडळाची रचना बदलली की बँक बदलते. राज्य सहकारी बँकेचं बघ. मे २०११ मध्ये मंडळ बरखास्त झालं. सर्वपक्षीय मंडळ होतं, साखर कारखानदारीशी जोडलेली माणसं होती, आणि बँकेचे मोठे कर्जदारही साखर कारखानेच. प्रशासक आले. इमारत तीच, कर्मचारी तेच, राज्य तेच. बँक नफ्यात आली.

पुतणी : रुपी बँकेचं मात्र तसं झालं नाही. पुण्याची बँक, १९१२ ची. तिथेही प्रशासक नेमले होते, एकदा नव्हे तर दोनदा. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. मंडळ काढून टाकणं हा उपाय असता तर रुपी बँक आजही उभी असती.

काका : रुपीत प्रशासक येईपर्यंत पैसा निघून गेला होता. राज्य बँकेकडे वसूल करायला कारखाने होते, जमिनी होत्या. उशीर झाला की कोणीही बसव, काही होत नाही.

पुतणी : हेच तर मला म्हणायचंय. वेळेवर कळलं का, हा प्रश्न मोठा आहे. मंडळावर बसलेल्याला धोका कधी आणि कोणाकडून कळतो? रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या मंडळात एकाहून एक नामवंत होते. २००७ मध्ये त्यांनी एबीएन अॅम्रो विकत घेण्याला एकमुखाने मान्यता दिली. नंतर वित्तीय नियामकाच्या चौकशीत निघालं की त्या प्रचंड बँकेची तपासणी म्हणून त्यांच्याकडे दोन फायली आणि एक सीडी होती. पुढे त्या बँकेत ब्रिटिश सरकारला ४५ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम घालावी लागली. त्या संचालकांच्या पात्रतेत काय कमी होतं? दोन फायलींवर तुम्हीसुद्धा काय वाचणार होतात?

काका : मी सही केली नसती.

पुतणी : तुम्ही एकटे केली नसती. पण तुमच्या मंडळाची विषयपत्रिका कोण ठरवतं? २०१४ मध्ये पी. जे. नायक समितीने सरकारी बँकांच्या मंडळांच्या विषयपत्रिका तपासल्या. धोरण आणि जोखीम यांवर वेळच जात नव्हता. एका बँकेत टॅक्सीभाड्याच्या परतफेडीच्या धोरणाला थकीत कर्जांच्या वसुलीच्या धोरणाइतकीच जागा मिळाली होती. विषयपत्रिका मुख्य कार्यकारी बनवतो, टिपणी त्याची माणसं लिहितात, आकडे तेच देतात. म्हणून माझ्या मते सर्वांत उपयोगी निष्कर्ष रचनेबद्दलचा नाहीच. एबी, साबातो आणि श्मिड यांनी अमेरिकी बँकांत पाहिलं की जिथे जोखीम अधिकारी मुख्य कार्यकाऱ्याला नाही तर थेट मंडळाला उत्तरदायी होता, त्या बँका संकटात चांगल्या निघाल्या. लेहमनच्या जोखीम प्रमुख मॅडेलिन अँटोन्चिक यांना २००७ मध्ये त्या पदावरून हलवलं. ब्रिटनच्या एचबीओएस बँकेत पॉल मूर यांनी, विक्रीच्या हव्यासापायी जोखीम वाढतेय, असा इशारा दिला आणि त्यांची नोकरी गेली. सिलिकॉन व्हॅली बँकेत तर २०२२ मध्ये कित्येक महिने जोखीम अधिकाऱ्याचं पदच रिकामं होतं आणि मार्च २०२३ मध्ये बँक कोसळली. तिच्या मंडळाच्या जोखीम समितीच्या बैठका मात्र त्या वर्षी वाढलेल्या होत्या. बैठका होत्या, सांगणारा नव्हता.

काका : आमच्याकडे रिझर्व्ह बँकेने ५,००० कोटी किंवा त्याहून जास्त मालमत्तेच्या नागरी बँकांना जोखीम अधिकारी सक्तीचा केला, २०२१ मध्ये. त्याखालच्या बँकांचं काय? माझी बँक त्याखालची. आमचा मुख्य कार्यकारी हाच जोखीम बघतो, हाच वसुली बघतो, आणि त्याची बढती अध्यक्षांच्या हातात. त्या बिचाऱ्याने मला अध्यक्षांच्या मेहुण्याच्या खात्याबद्दल कसं सांगावं?

पुतणी : म्हणून तर व्यवस्थापन मंडळाची कल्पना आली.

काका : आली, आणि अर्धवट आली. १०० कोटी आणि त्याहून जास्त ठेवी असलेल्या बँकांनी व्यवस्थापन मंडळ नेमायचं, असं परिपत्रक २०१९ च्या शेवटच्या दिवशी निघालं. तज्ज्ञांचं वेगळं मंडळ. पण ते नेमणार कोण? संचालक मंडळच. आणि त्याने द्यायचा तो सल्ला. सल्ला मानला नाही तर तज्ज्ञाने काय करायचं? राजीनामा. येस बँकेत तेच झालं. जानेवारी २०२० मध्ये लेखापरीक्षण समितीच्या प्रमुखांनी कारभाराची तक्रार करून राजीनामा दिला, आणि ५ मार्चला खात्यांवर ५० हजारांची मर्यादा आली. राजीनाम्याने संचालकाची सद्सद्विवेकबुद्धी वाचते. ठेवीदाराचं काय?

पुतणी : मग तुमचा उपाय काय? माझा मी सांगितला. माहिती मुख्य कार्यकाऱ्याला वळसा घालून मंडळापर्यंत यावी. छोट्या बँकांनी चार-पाच जणींनी मिळून एक जोखीम अधिकारी ठेवावा. त्याचा पगार, नेमणूक, हकालपट्टी कोणत्याही एका अध्यक्षाच्या हातात नसावी. नागरी बँकांसाठी शिखर संस्था उभी राहिलीच आहे, तिने हे करावं.

काका : ते कर, माझी हरकत नाही. पण माहिती आली तरी ती वापरायची इच्छा कुठून येणार? मला मंडळावर ठेवीदारांनी निवडलेले संचालक हवेत. ठरावीक रकमेची ठेव ठरावीक वर्षं असलेल्यांनी त्यांना निवडावं, कर्जदाराला त्यात मत नाही. एक-तृतीयांश खुर्च्या त्यांच्या.

पुतणी : काका, हे स्पेनने केलं होतं. त्या काहांच्या सर्वसाधारण सभेत ठेवीदारांचे प्रतिनिधी असायचे, कायद्यानेच. त्यांना निवडणारे मतदार चिठ्ठ्या टाकून काढले जायचे. शेवटी काय झालं? पक्षांनी त्या जागांवरही आपली माणसं आणली. सात काहा एकत्र करून २०१० मध्ये बांकिया उभी केली. प्रमुख कोण, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी व्यवस्थापकीय संचालक रोद्रिगो रातो. जाण हवी होती ना तुम्हाला? २०१२ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. आणि पुढे उघड झालं की काहा माद्रिदच्या संचालकांना हिशेबाबाहेरची खर्चाची कार्डं मिळत होती. ती वापरणाऱ्यांत उजवे होते, डावे होते, कामगार संघटनांचे प्रतिनिधीही होते. खुर्चीवर ‘ठेवीदार’ अशी पाटी लावल्याने तिच्यावर बसणारा ठेवीदाराचा होत नाही.

काका : चिठ्ठ्या टाकल्या म्हणून. ज्याने स्वतः कष्टाने पैसे ठेवलेत, त्याला निवडणूक लढवू दे. आपल्याकडे हाउसिंग सोसायट्यांचे सचिव आहेत, लाखोंचा निधी सांभाळतात. एक रुपया इकडचा तिकडे झाला तर सभेत त्यांना सोलून काढतात. ती माणसं चालतील मला.

पुतणी : आणखी एक अडचण आहे, ती तुम्हाला जास्त भेडसावेल. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. खात्यांच्या संख्येने बघितलं तर ९७ टक्क्यांहून जास्त खाती त्यात पूर्ण बसतात. म्हणजे तुमच्या निवडणुकीत मत देणाऱ्या बहुतेकांचे पैसे बँक बुडाली तरी परत मिळणार आहेत. ते कशाला जागरूक राहतील?

काका : रकमेने बघ. विम्यात निम्म्याहूनही कमी ठेवी बसतात. उरलेली रक्कम कोणाची? ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि घर विकून आलेले पैसे एकत्र ठेवणाऱ्या म्हाताऱ्यांची. सोसायट्यांची. पतसंस्थांची, म्हणजे त्यांच्यामागच्या हजारो गरिबांची. पीएमसीचं विलीनीकरण झालं, तेव्हा मोठ्या ठेवीदारांना दहा-दहा वर्षांचे हप्ते मिळाले. पंच्याहत्तरीच्या माणसाला दहा वर्षांनी पैसे देणं म्हणजे काय, ते मी माझ्या ओळखीच्या घरांत बघितलंय. त्यांच्यापैकी कोणी मंडळावर असता, तर एकाच समूहाला एवढी कर्जं कशी, हे त्याने पहिल्या वर्षी विचारलं असतं.

पुतणी : विचारलं असतं, कबूल. आणि उत्तर ऐकून घरी गेल्यावर त्याने काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत जाऊन स्वतःची ठेव मोडली असती. मग बायकोची, भावाची. त्याच्या सोसायटीच्या सचिवाला कळलं असतं, आणि दुपारपर्यंत शाखेबाहेर रांग. तुमचा ठेवीदार संचालकच बँकेवरची धाव सुरू करेल. कर्जदार संचालक बँक हळूहळू पोखरतो, हा तिला एका दिवसात बुडवेल.

काका : ...याला तोड आहे. संचालक असेपर्यंत त्याची ठेव गोठवायची. निवडून आला की ठेवीची पावती बँकेकडे अडकवून ठेवायची, मुदत संपल्यानंतर वर्षभराने सोडायची. बाहेर पडायचा रस्ता बंद झाला की माणूस आत राहून भांडतो.

पुतणी : फक्त ठेवीदार संचालकाची? की सगळ्यांची?

काका : सगळ्यांची. अध्यक्षांपासून माझ्यापर्यंत. प्रत्येकाने ठरावीक ठेव ठेवायचीच, आणि ती विम्याच्या मर्यादेपेक्षा वर असली पाहिजे.

पुतणी : मग गरीब सभासदाला कधीच संचालक होता येणार नाही. माणदेशीच्या बायकांना तुम्ही पुन्हा दाराबाहेर उभं केलंत.

काका : तिथे मर्यादा त्या बँकेच्या सरासरी ठेवीवर लावू. ज्या बँकेत ठेवी हजारांत, तिथे हजारांत.

पुतणी : हे मी उदाहरणं घालून तपासून बघेन, आत्ता हो म्हणत नाही. पण वार्षिक सभेसाठी ठरावाचा मसुदा करणार असाल, तर जोखीम अधिकाऱ्याचं कलम त्यात आधी घाला. ठेवी गोठवण्याचं त्यानंतर.

काका : घालतो. दोन्ही एकाच ठरावात.

पुतणी : आणि ‘संचालक’ या शब्दापुढे ‘व त्यांचे नातेवाईक’ असं लिहा, २००३ च्या कर्जबंदीत आहे तसं. मेहुणा त्यात स्पष्ट नाव घेऊन लिहा.